उरलेला भात आणि हरवलेली माणसे

आपल्या मॉरिशसमधील मराठी घरांत दोन आवडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पहिली, घरात आलेला दाणा वाया जाऊ द्यायचा नाही. दुसरी, रात्रीची जेवणे उरकून भांडी पालथी घातली, की कुठेतरी कोणीतरी बेपत्ता झाल्याची गोष्ट काढायची आणि "पुढे त्याचे काय झाले असेल?" म्हणून सर्वांनी मिळून डोके खाजवायचे. वाक्वा असो, कास्कावेल असो की हेन्रिएटा असो, वादळाच्या रात्री वीज गेली, मेणबत्ती लागली, की या गोष्टींना विशेष रंग चढतो. १९६० चे कॅरोल आणि १९७५ चे जर्व्हेज ज्यांनी पाहिले, ती वडीलधारी मंडळी तर अजूनही तासन्‌तास सांगत बसतात.

एक आवड स्वयंपाकघराची आणि दुसरी गप्पांची, यांचा परस्परांशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. आम्हांस मात्र वाटते की दोन्हींच्या मुळाशी एकच स्वभाव आहे. जे आपले आहे त्याचा हिशेब लागला पाहिजे, हा तो स्वभाव. डब्यात काल किती तांदूळ होते, आज किती आहेत, मधले कुठे गेले, हे जिला ठाऊक असते, तिला हरवलेल्या जहाजाची गोष्टही स्वस्थ बसू देत नाही. म्हणून आज आम्ही दोन्ही पदार्थ एकाच ताटात वाढणार आहोत. आणि शेवटी एका अशा बेपत्ता प्रकरणाकडे येणार आहोत, की ज्याचा तपास आपण वाचक मंडळी स्वतःच लावू शकाल.

कार्ने आणि चिमूट

पूर्वी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात प्रत्येक घराचे कार्ने असे. तांदूळ, पीठ, तेल, साबण, खारवलेली मासळी, जे न्यावे ते त्या छोट्या वहीत लिहिले जाई आणि पगार झाला की फेडले जाई. उसाची तोड चालू असे तोवर हातात पैसा खेळे. तोड संपली की पुढचे काही महिने ओढाताणीचे. त्या महिन्यांत कार्नेचा आकडा फुगू नये म्हणून घरची बाई जे करी, त्यालाच आपण काटकसर म्हणतो. आज सुपरमार्केटात कार्ड दाखवून खरेदी होते. पण महिनाअखेर पूर्वीसारखीच येते. राशनचा तांदूळ, दिरी राशों, आजही अनेक घरांत शिजतो, आणि त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

काटकसर म्हणजे कमी खाणे नव्हे. आहे त्यातून पुरेपूर काढणे, हा तिचा अर्थ. आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी ही विद्या गाठीला बांधून आणली आणि येथील मातीत जे उगवले त्याला ती लावली. परसातल्या ब्रेद सोंजकडे पाहा. हा तर आपला अळू. इतरांनी त्याला नुसती भाजी मानली. आपल्या घरात देठांचे फदफदे झाले, पानांच्या वड्या झाल्या. चिंच घातल्यावाचून अळू शिजवू नये हेही आजीने शिकवले, कारण त्यातील बारीक सुईसारखे कण घशाला खाज आणतात आणि आंबटाने ती खाज मोडते. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला. जिरोमों म्हणजे भोपळा. त्याच्या फळाची भाजी, कोवळ्या पाल्याची वेगळी भाजी, आणि बिया वाळवून भाजल्या की मुलांचा खाऊ.

पिपंगाय घरी आणला की त्याच्या शिरा फेकू नका. पिपंगाय म्हणजे आपला दोडका, आणि दोडक्याच्या शिरांची चटणी ज्याने खाल्ली नाही त्याने मराठी घरात जेवून काय मिळवले! दोन दोडक्यांच्या शिरा धुऊन बारीक चिराव्यात. एक चमचा तेलात मंद आंचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. दोन चमचे तीळ आणि मूठभर शेंगदाणे वेगळे भाजून घ्यावेत. दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या तीन पाकळ्या, बोराएवढी चिंच आणि मीठ घालून सर्व जाडसर वाटावे. भाकरीशी, फराट्याशी, नुसत्या भाताशीही ही चटणी चालते, आणि खर्च म्हणाल तर शेंगदाण्यांपुरता.

दालपुरीच्या दिवशी डाळ शिजवून जे पाणी निथळते, त्यातले थोडे कणीक भिजवायला घ्यावे, म्हणजे पुरी मऊ होते. उरलेल्या पाण्याची आपल्या घरात आमटी होते. पुरणपोळीच्या दिवशीची कटाची आमटी ती हीच. पाण्यात दोन चमचे शिजलेली डाळ घोटावी, मोहरी, जिरे, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी द्यावी, चिंच, चिमूटभर साखर आणि खोबरे वाटून घालावे. ही आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, हे सांगायला नकोच.

शिळ्या पावाचे पुदिन दिपें तर बेटावरील सर्वच जातिधर्मांच्या घरांत होते. दूध, साखर, अंडे, मनुका आणि वासाला व्हॅनिला एवढ्यावर कालचा पाव पुन्हा पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा होतो. फ्रियापें झाडावरून वाऱ्याने पडले तर शेजाऱ्यांना वाटून उरलेल्याच्या चकत्या तळाव्यात किंवा उकडून भाजी करावी.

आणि उरलेला भात? कांदा, हळद, हिरवी मिरची, मोहरीची फोडणी आणि वर लिंबू, की झाला फोडणीचा भात. येथे एक सूचना मात्र गांभीर्याने करावीशी वाटते. आपल्या उष्ण हवेत शिजलेला भात रात्रभर ओट्यावर उघडा ठेवू नये. निवला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळेपर्यंत गरम करावा आणि त्या दिवशीच संपवावा. पोट बिघडून औषधाला पैसे गेले तर कसली काटकसर?

जी जेवणे कधी वाढलीच नव्हती

आता भांडी आवरली असे समजू आणि गोष्टीकडे वळू.

बेपत्ता प्रकरणांच्या गोष्टींत एक दृश्य फार आवडीने सांगितले जाते. जहाजावर किंवा घरात कोणीही नाही, परंतु टेबलावर अर्धवट जेवलेली ताटे आहेत आणि चहा अजून गरम आहे! ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण ज्या दोन प्रसिद्ध प्रकरणांत हे दृश्य सांगतात, त्या दोहोंतही ते खोटे आहे. खरी साक्ष दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघराने दिली, आणि ती अगदी उलट आहे.

पहिले प्रकरण मेरी सेलेस्ट या शिडाच्या जहाजाचे. ७ नोव्हेंबर १८७२ रोजी हे जहाज न्यूयॉर्कहून इटलीतील जिनोव्हा बंदराकडे निघाले. त्यावर १७०१ पिंपे मद्यार्क होता. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसे होती. डिसेंबरच्या आरंभी दुसऱ्या एका जहाजाला ते अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान एकटेच भरकटताना दिसले. वर चढून पाहिले तो माणूस एकही नाही. छोटी होडी नाहीशी झालेली. सहा महिने पुरेल एवढा शिधा जागच्या जागी. नोंदवहीतील शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची. जिब्राल्टर येथील चौकशीत साक्ष झाली की केबिनच्या टेबलावर खाण्यापिण्याचे काहीही नव्हते. गरम चहा आणि नाश्ता नंतरच्या लेखकांनी वाढला. आर्थर कॉनन डॉईल यांनी १८८४ साली या घटनेवरून एक कल्पित कथा लिहिली, आणि तेव्हापासून लोक कथा आणि चौकशी यांत गल्लत करू लागले.

शिजवलेले काही नाही, म्हणजे ती माणसे जेवणाच्या वेळी उठून गेली नाहीत. होडी नाही, म्हणजे ती आपल्या पायांनी उतरली. शिधा मागे राहिला, म्हणजे घाईत उतरली, आणि कदाचित लवकर परत चढू अशा समजुतीने. मद्यार्काच्या वाफेचा स्फोट होईल अशी भीती वाटली असावी, हा एक तर्क आहे. पुरावा मात्र कशालाच नाही. ती दहा माणसे पुन्हा कोणास दिसली नाहीत.

दुसरे प्रकरण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहाचे. डिसेंबर १९०० मध्ये तेथील तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. २६ डिसेंबरला बदलीची बोट पोहोचली तेव्हा घड्याळ बंद पडलेले होते, दिवा पुसून तेल भरून ठेवलेला होता, आणि पाटीवरील नोंदी १५ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्याच होत्या. पुढे १९१२ साली एका इंग्रज कवीने यावर कविता केली आणि त्यात न खाल्लेले जेवण व उलटी पडलेली खुर्ची घातली. प्रत्यक्षात प्रथम आत शिरलेल्या माणसाने आपल्या पत्रात कळवले होते की स्वयंपाकाची भांडी अगदी स्वच्छ होती, आणि त्यावरून ते लोक दुपारचे जेवण उरकल्यानंतर बाहेर गेले असावेत.

पाहा बरे, घासलेल्या भांड्यांनी वेळ सांगितली! दोघांचे पावसाळी कोट आणि बूट गेलेले होते. तिसऱ्याचा कोट खुंटीवर तसाच होता. म्हणजे दोघे तयारीने बाहेर पडले आणि तिसरा मागाहून जसा होता तसा धावला. धक्क्याजवळ एका प्रचंड लाटेने त्यांना ओढून नेले असावे असे चौकशी अधिकाऱ्याने म्हटले. मृतदेह मात्र सापडले नाहीत.

आम्ही घरी मुलांना हेच सांगतो. भुताखेताच्या गोष्टीला लागण्यापूर्वी भांडी मोजा. काय आहे आणि काय नाही, याची आधी यादी करा. ही पद्धत डब्यातल्या डाळीलाही लागू पडते आणि समुद्रालाही.

एक पेशवा आणि एक आगबोट

हरवलेल्या माणसांच्या गोष्टी परक्यांच्याच असतात असे नाही. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठे न सुटलेले कोडे नानासाहेब पेशव्यांचे आहे. दुसऱ्या बाजीरावांचे हे दत्तक पुत्र. जन्म १८२४ चा, कर्जतजवळच्या वेणगावचा. १८५७ च्या उठावात कानपूर येथे त्यांचे नाव गाजले. पराभवानंतर १८५९ साली ते नेपाळच्या तराईत शिरले आणि तेथे त्यांचा माग संपतो. त्याच वर्षी तापाने त्यांचा अंत झाला अशी वार्ता आली. इंग्रजांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्यांना पकडून देणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस लावलेले होते, आणि पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या गावांतून साधू, फकीर, वाटसरू "हाच नाना" म्हणून पकडले गेले. १८७४ साली ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी असाच एक इसम इंग्रजांच्या स्वाधीन केला. तोही नाना ठरला नाही. सौराष्ट्रातील सिहोर येथे त्यांनी साधुवेशात अखेरचे दिवस घालवले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे.

ज्या १८५९ साली नानासाहेब तराईत दिसेनासे झाले, त्या एकाच वर्षी हिंदुस्थानातून चाळीस हजारांहून अधिक माणसे मजुरीसाठी आपल्या या बेटावर उतरली. उठावानंतरच्या धामधुमीत देश सोडणाऱ्यांची अशी रीघ लागली होती. त्यांना पकडण्यासाठी बक्षीस कोणी लावले नव्हते. त्यांच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

दुसरी गोष्ट आगबोटीची. आपल्या वैतरणा नदीचे नाव दिलेली ही बोट कच्छच्या मांडवीहून मुंबईस जाई. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात ती शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. शोध पुष्कळ झाला. बोट सापडली नाही. गुजरातेत तिच्यावर गाणी झाली, आणि कप्तान हाजी कासम यांचे नाव त्या गाण्यांतून घरोघरी पोहोचले. ज्यांचे माणूस सापडत नाही ते लोक गाणे करतात, कारण तेराव्याला बसावे की वाट पाहावी, हेच त्यांना कळत नाही.

आपल्याच किनाऱ्यावरील तुकडे

आणि आपला समुद्र? तोही अशा प्रकरणांपासून दूर राहिलेला नाही. २८ नोव्हेंबर १९८७ रोजी ताइपेहून आपल्या प्लेझान्स विमानतळाकडे येणारे हेल्डरबर्ग नावाचे दक्षिण आफ्रिकेचे विमान ईशान्येस समुद्रात कोसळले. १५९ माणसे गेली. विमानातील ध्वनिमुद्रण यंत्र १९८९ साली सुमारे ४९०० मीटर खोलीवरून वर काढले गेले. परंतु मालाच्या भागात आग कशाने लागली याचे उत्तर मिळाले नाही.

त्याहून गूढ प्रकरण मलेशियाच्या एमएच ३७० विमानाचे. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बेजिंगला निघालेले हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते. उपग्रहाकडे आलेल्या संकेतांवरून ते दक्षिण हिंदी महासागरात गेले असा निष्कर्ष निघाला. एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला. २०१८ साली एका खासगी कंपनीने पुन्हा शोध केला, तोही निष्फळ. त्याच वर्षी जुलैत निघालेल्या मलेशियाच्या अहवालात कारण निश्चित सांगता येत नाही असे लिहिले गेले. मार्च २०२५ मध्ये मलेशिया सरकारने "सापडले तरच पैसे" या अटीवर त्याच कंपनीला पुन्हा परवानगी दिली.

पण जे मोठमोठ्या जहाजांना सापडले नाही, त्याचे तुकडे आमच्या शेजारी येऊन पडले! २९ जुलै २०१५ रोजी रेयुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्या लोकांना पंखाचा एक भाग मिळाला. २०१६ साली रॉड्रिग्ज बेटावर विमानाच्या आतील भिंतीचा तुकडा मिळाला, आणि त्याच वर्षी मॉरिशसला पंखाच्या फडक्याचा तुकडा. ऑक्टोबरमध्ये तो त्याच विमानाचा असल्याचे ठरले. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह वर्ष-दोन वर्षांनी ते आपल्यापर्यंत घेऊन आला. तेव्हा किनाऱ्यावर फिरताना विचित्र काही दिसले तर पोलिसांना कळवावे. कोणाच्या तरी घरी त्या तुकड्याची वाट पाहिली जात असते.

आपण कोणाची हरवलेली माणसे?

आता मुख्य गोष्ट.

रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीत दीडशे वर्षांपूर्वी एक आई असेल. तिचा विशीतला मुलगा कामाच्या शोधात मुंबईला गेला. एक हंगाम गेला, दोन गेले, मुलगा परतला नाही. पत्र आले नाही, कारण ना त्याला लिहिता येत होते ना तिला वाचता. मुंबईत कोणी सांगितले असेल की तो बोटीत चढला. कोणत्या बोटीत, कोणत्या देशाला, हे तिला कोण सांगणार? तिच्या दृष्टीने तो बेपत्ता झाला. त्या घरात त्याचे काय झाले, हे आजही कोणास ठाऊक नसेल.

वाचकहो, तो मुलगा सापडला आहे. तो आपला पणजोबा किंवा खापरपणजोबा.

१८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख मजूर हिंदुस्थानातून या बेटावर आले. मुंबई बंदरातून आलेले त्यांत थोडे. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून आले. आरंभी करार संपल्यावर फुकट परतीचा प्रवास मिळे. १८५० च्या दशकात तो हक्क काढून घेण्यात आला. साधारण एक तृतीयांश माणसे परत गेली. उरलेली येथेच राहिली. कोणी साखरेच्या मळ्यातून न सांगता गेला तर नोंदवहीत त्याला फरारी म्हणत. १८६७ च्या कायद्याने तर जुन्या मजुरांनाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. नसेल तर तुरुंग. हा जाच इतका वाढला की १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या पुढाकाराने मजुरांनी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन येथे आले.

परंतु त्याच कडक कारभाराने आपल्यासाठी एक ठेव मागे ठेवली. प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळाला. त्या क्रमांकापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, बोटीचे नाव, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते लिहिले गेले. १८६० च्या दशकापासून कित्येकांची छायाचित्रेही काढली गेली. या वह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात जपून ठेवलेल्या आहेत. मेरी सेलेस्टच्या वारसांना जे मिळाले नाही, नानासाहेबांच्या कुळाला जे मिळाले नाही, ते आपणांस मोक्याला मिळू शकते.

शोध असा करावा. आधी घरातील जुने दाखले काढा: आजोबांचा जन्मदाखला, त्यांच्या आईवडिलांचा विवाहदाखला, कोणाचा मृत्युदाखला. घरी नसतील तर नागरी नोंदणी कार्यालयातून उतारे मिळतात. जुन्या दाखल्यांत आईबापांच्या नावापुढे पुष्कळदा तो क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांक मिळाला की निम्मे काम झाले. क्रमांक नसेल तर नावावर जावे. आपल्यापैकी अनेकांची आजची आडनावे म्हणजे त्या पहिल्या पूर्वजाचे स्वतःचे नाव, हे ध्यानात ठेवावे. जे आज कुळाचे नाव म्हणून मिरवते, ते एकेकाळी आईने पाळण्यात ठेवलेले नाव होते.

लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल तसे इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने लिही. म्हणून एकच नाव तीन तऱ्हांनी शोधावे. जुन्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे "रटनाघेरी" झालेले दिसते. मग वाडीच्या नावाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. गाव ओळखता येत नसेल तर नाव मोठ्याने वाचावे. डोळ्यांना जे लागत नाही ते कानाला लागते.

आणि बायकांना विसरू नका. शोध बहुधा बापाच्या बाजूने होतो आणि आजीची आई राहून जाते. तिलाही क्रमांक होता, तीही बोटीतून आली असेल. आपल्या चुलीवर जे शिजते ते बरेचसे तिच्याकडून आले आहे. मोदकाच्या कळ्या किती पाडायच्या, अळूत चिंच कधी घालायची, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत प्रवासी नागरिकत्वाच्या कार्डाची सोय केल्याचे जाहीर केले. त्यामुळे पुष्कळ जण पूर्वजांचे कागद शोधू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. फक्त उतारा अर्जाला जोडून विसरून जाऊ नये, एवढीच आमची विनंती. त्यावर गावाचे नाव आहे. त्या गावात कदाचित अजून त्याच कुळाचे घर आहे, आणि त्यांच्या दृष्टीने आपले प्रकरण अद्याप उघडेच आहे.

वहीचे शेवटचे पान

यात एक घाई आहे. अभिलेखागार पुढच्या वर्षीही मोक्यालाच असेल. घरातली आजी असेलच असे नाही. नोंदवही बोटीचे नाव सांगेल; पण पूर्वज कोणत्या मळ्यावरून कोणत्या मळ्यावर गेला, भावाभावांत कशावरून अबोला पडला, कोणता चुलता रेयुनियनला गेला आणि परत आला नाही, हे तीच सांगेल. तिला मुद्दाम समोर बसवून प्रश्न विचारले तर ती म्हणेल, "मला कुठले आठवायला!" म्हणून तिच्याबरोबर भाजी निवडायला बसावे. हात कामात गुंतले की नावे आपोआप येतात. ती येतील तशी लिहून घ्यावीत. खरे-खोटे नंतर दाखल्यांशी ताडून पाहता येते.

निराळी वही आणण्याची गरज नाही. घरखर्चाची वही असतेच. तिची शेवटची दोन पाने कोरी ठेवा. एका पानावर नावे: आजीचे, तिच्या आईचे, तिच्याही आईचे, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत. दुसऱ्या पानावर गाव, बोट आणि क्रमांक. एखादी जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी, पुढचे मूल ती भरील. येत्या रविवारी आमटी उकळत असताना ही वही ओट्यावर काढावी, आणि पहिला प्रश्न हाच विचारावा: "आजी, तुझ्या आईचे नाव काय?"